लेकराची पायरी ओळखणारी परीक्षा

लेकराच्या चाचणीचा पेपर घरी आला की आपण आधी मार्क बघतो. कमी असले तर रागावतो, जास्त असले तर शेजारणीला सांगतो. पण लेकरू नेमकं कुठं अडलंय, ते मार्कांवरून कळतं का? त्याला अक्षरंच येत नाहीत, की वाचता येतं पण अर्थ लागत नाही? आज आम्ही हे शोधणाऱ्या परीक्षेबद्दल सांगणार आहोत.

कासाराकडं बांगड्या भरायला बसलो की तो हात बघून अंदाजानं एक बांगडी काढतो. घट्ट झाली तर मोठी घेतो, सैल झाली तर लहान. दोन-तीन बांगड्यांत बरोबर माप सापडतं. सगळ्या बायांना एकाच मापाची बांगडी तो भरत नाही.

कॉम्प्युटरवरची बदलती चाचणी अशीच चालते. पहिला प्रश्न मध्यम असतो. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न थोडा अवघड येतो, चुकलं की थोडा सोपा. यासाठी शेकडो प्रश्नांचा साठा आधी तयार करतात. तो पुष्कळ मुलांकडून सोडवून घेऊन कोणता प्रश्न किती अवघड आहे ते ठरवतात. मग शेजारी बसलेल्या दोन मुलांना वेगवेगळे प्रश्न आले, तरी दोघंही एकाच शिडीवर मोजली जातात. या परीक्षेत हुशार मुलाचीही बरीच उत्तरं चुकतात, कारण प्रश्न त्याच्या ताकदीइतकेच अवघड होत जातात. म्हणून किती चुकलं हे मोजायचं नाही, लेकरू कोणत्या पायरीवर पोचलं ते बघायचं.

आपल्या झेडपी शाळेत पायाभूत आणि संकलित चाचण्या होतात. तिथं तिसरीच्या सगळ्या मुलांना तिसरीचाच पेपर. जे लेकरू अजून पहिलीच्या पायरीवर आहे, त्याला त्यातलं काहीच येत नाही. मग गुरुजींना एवढंच कळतं की ते नापास आहे. दिवाळीनंतर आई-बापासोबत ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाऊन चार-पाच महिन्यांनी परतलेल्या लेकराचं तर हमखास असंच होतं. वर्ग पुढं जातो, लेकरू मागं राहतं.

हे अंतर वाढत जातं. दिल्लीत २०१५ साली सहावी ते नववीच्या मुलांना अशा बदलत्या कॉम्प्युटर पाठांवर बसवलं होतं. तपासलं तेव्हा सहावीची मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागं निघाली आणि नववीची साडेचार. जिथं अडलं तिथूनच शिकवायला घेतल्यावर साडेचार महिन्यांत ती इतर मुलांपेक्षा बरीच पुढं गेली.

कॉम्प्युटर नसला तरी हे काम होतं. 'प्रथम' संस्थेची 'असर' पाहणी २००५ पासून गावोगाव होते, आपल्या हिंगोली जिल्ह्यातही. त्यात एकेका लेकराला जवळ बसवून आधी पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा वाचायला देतात. तो नीट वाचला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट देतात. उतारा जमला नाही तर सुटे शब्द, तेही जमले नाहीत तर अक्षरं. पाचपैकी चार बरोबर आले की ती पायरी जमली. कासाराचीच रीत आहे ही.

मैत्रिणींनो, हे आपल्या बचत गटालाही करता येईल. पहिली-दुसरीचं मराठीचं पुस्तक घ्या. एका वेळी एकाच लेकराला बसवा, बाकीच्यांना लांब ठेवा. वहीत तारीख आणि पायरी लिहा : अक्षर, शब्द, उतारा की गोष्ट. तीन महिन्यांनी पुन्हा बघा, पण या वेळी उतारा दुसरा घ्या, नाहीतर पाठ झालेलाच म्हणून दाखवेल.

अंगणवाडीत ताई वजन घेऊन तक्त्यावर टिंब मांडते, ते आठवा. एका महिन्याच्या वजनावरून सगळं समजत नाही. टिंबांची रेघ वर चाललीय का, ते ताई बघते. शिक्षणाचंही तसंच आहे. अक्षरांवरून उताऱ्यावर आलेल्या लेकरानं मोठी मजल मारली, मग वर्गात त्याचा नंबर शेवटचा का असेना. आणि उताऱ्यावरच वर्षभर थांबलेल्या 'हुशार' लेकराकडं लक्ष द्यायला हवं.

काही गोष्टींचं भान मात्र ठेवा. ज्या लेकरानं टॅब कधी हातात धरला नाही, ते बटण शोधण्यातच चुकतं. तांड्यावरचं लेकरू घरी गोरबोली बोलतं, त्याला पुस्तकी मराठीतला प्रश्नच कळला नसेल तर गणित येत असूनही उत्तर चुकेल. अशा वेळी गुरुजींनी तोंडी विचारून बघायला हवं. आणि पायरी कळली म्हणून कुणाला 'ढ' म्हणायचं नाही. शिकवायला कुठून सुरुवात करायची, एवढ्यासाठीच ती बघायची.

देशातल्या निपुण भारत मोहिमेनं २०२१ पासून ध्येय ठेवलंय की तिसरी संपेपर्यंत प्रत्येक लेकराला समजून वाचता यावं, मिनिटाला किमान साठ शब्द, आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या कळाव्यात. हे आपल्या शाळेत होतंय का, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असायलाच हव्यात. पुढच्या बैठकीला सहीपुरतं जाऊ नका. गुरुजींना, मॅडमना मानानं तीन गोष्टी विचारा : माझं लेकरू आज कोणत्या पायरीवर आहे? दिवाळीला कोणत्या पायरीवर होतं? आणि पुढच्या पायरीसाठी शाळेत काय चाललंय, घरी आम्ही काय करू?

अंगठा उठवणाऱ्या आईलाही हे विचारता येतं. लेकरू अडखळत वाचतंय की सरळ, हे ऐकायला स्वतःला वाचता यावं लागत नाही. रोज सांजच्याला भाकरी थापताना दहा मिनिटं त्याला मोठ्यानं वाचायला बसवा.