हात वाकडा दिसला, म्हणजे फेकी नव्हे

देहूपासून जवळच असलेल्या गहुंजेच्या मैदानावर १५ जानेवारी २०१७ रोजी केदार जाधवने इंग्लंडविरुद्ध ७६ चेंडूंत १२० धावा केल्या. पुण्याच्या या फलंदाजाची गोलंदाजीही तितकीच लक्षात राहणारी. हात डोक्यावरून न आणता बाजूने फिरवायचा आणि तोही चांगले वाकून. २०१८च्या आशिया चषकात याच शैलीने त्याने पाकिस्तानचे तीन गडी २३ धावांत टिपले. असा चेंडू पाहिला की पहिला प्रश्न येतो : हे नियमात बसते का?

बसते. क्रिकेटचा नियम हात किती उंचावरून येतो यापेक्षा कोपराचे काय होते, हे पाहतो. हात खांद्याच्या पातळीला आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत वाकलेले कोपर सरळ होता कामा नये. मनगट वळवायला मात्र मुभा आहे. बाजूने हात फिरवण्यास १८३५मध्ये मान्यता मिळाली, तर खांद्यावरून चेंडू टाकण्यास १८६४मध्ये. म्हणजे आज विचित्र वाटणारी शैलीच मुळात जुनी आहे!

खरी अडचण आपल्या डोळ्यांची आहे. वेगाने फिरणाऱ्या हाताचे कोपर काही अंशांनी सरळ झाले, तर ते मैदानावरच्या पंचाला दिसत नाही. वेगवान कॅमेऱ्यांनी मोजमाप सुरू झाले, तेव्हा ‘स्वच्छ’ मानल्या गेलेल्या अनेक गोलंदाजांचेही कोपर थोडेफार सरळ होताना आढळले. म्हणून आयसीसीने २००५मध्ये सर्वांसाठी १५ अंशांची मर्यादा ठरवली. उलट प्रकारही घडतो. मुथय्या मुरलीधरनचे कोपर जन्मतःच पूर्ण सरळ होत नाही. वाकलेला हात शेवटपर्यंत तेवढाच वाकलेला राहिला तर दोष नाही. पाहणाऱ्याला मात्र तो चेंडू फेकल्यासारखा वाटतो.

म्हणूनच अंतिम निकाल प्रयोगशाळेत लागतो. गोलंदाजाच्या हातावर प्रकाश परावर्तित करणारे ठिपके चिकटवतात, अनेक बाजूंनी कॅमेरे लावतात आणि संगणक कोपराचा कोन मोजतो. चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेत अशी सोय आहे.

शाळाशाळांतून खेळल्या जाणाऱ्या सॉफ्टबॉलमध्ये नियमाचा भर वेगळ्या गोष्टींवर असतो. तिथे चेंडू खालूनच टाकावा लागतो आणि पंचाचे लक्ष पायांकडेही असते. महिलांच्या फास्टपिच सामन्यांत पिचर आणि फलंदाज यांच्यात ४३ फुटांचे अंतर असते. पिचरने पट्टीवरून उडी घेऊन तोच पाय पुढे टेकवला आणि तिथून पुन्हा जोर घेतला, तर त्याला ‘क्रो हॉप’ म्हणतात. तो अवैध ठरतो, कारण चेंडू जवळून सुटतो आणि फलंदाजाला मिळणारा वेळ कमी होतो.

प्रश्न फक्त न्यायाचा नाही, शरीराचाही आहे. हात झटकून चेंडू फेकताना कोपराच्या आतल्या बाजूवर मोठा ताण येतो. वाढत्या वयात तिथली हाडाच्या वाढीची कूर्चा नाजूक असते. पुन्हा पुन्हा ताण आला तर तिला इजा होते. खालून चेंडू टाकणे निर्धोक, हाही गैरसमजच. सॉफ्टबॉलच्या पिचरना खांद्याच्या पुढच्या भागात दुखणे जडू शकते. दुखत असताना सराव थांबवणे, दिवसाला किती चेंडू टाकायचे याला मर्यादा घालणे आणि दुखणे टिकले तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवणे, हे पालकांनी पाळायलाच हवे.

मोबाइलवर काढलेला व्हिडिओ प्रशिक्षकाला उपयोगी पडतो, पण त्यावरून अंश ठरवता येत नाहीत. हात स्वतःभोवतीही फिरत असल्यामुळे एकाच बाजूच्या चित्रात सरळ कोपर वाकडे आणि वाकडे सरळ दिसू शकते. तेव्हा एखाद्या मुलाची शैली वेगळी दिसली, तर त्याच्यावर लगेच ‘फेकी’चा शिक्का मारू नये. आधी विश्रांतीच्या स्थितीत त्याचे कोपर पूर्ण सरळ होते का, हे पाहावे. मग दोन-तीन बाजूंनी चित्रण करावे. शंका उरलीच, तर जाणकारांचा सल्ला घ्यावा.