कात्सुनुमाची वाइन, चहाच्या पेल्यात

तोक्यो, ऑक्टोबर

कात्सुनुमात द्राक्षबागायतदाराच्या घरी वाइन चहाच्या पेल्यात मिळते. बिनकानाचा, जाडसर मातीचा पेला आणि शेजारी 1.8 लिटरची भली मोठी बाटली. साके ज्या बाटलीत विकतात तीच. लग्न असो, मयत असो, गावकीचे काम उरकून मंडळी टेकलेली असोत, ही बाटली मध्यभागी येतेच. परदेशातून तोक्योत राहायला आलेला माणूस खाण्यापिण्याची हौस भागवायची म्हणून बहुधा नामांकित उपाहारगृहांची यादी हाताशी घेतो आणि गिंझासारख्या उंची वस्तीत टेबल राखून ठेवतो. तिथले जेवण उत्तम असते, त्याबद्दल तक्रार नाही. पण या देशाशी माझी खरी ओळख झाली ती या पेल्यातून. म्हणून हे वार्तापत्र तोक्योपासून रेल्वेने दीडेक तासावर असलेल्या, यामानाशी प्रांतातल्या या गावाबद्दल.

तोक्योतल्या शिंजुकू स्टेशनाहून चुओ मार्गाची गाडी निघते. शहर मागे पडायला बराच वेळ लागतो. मग डोंगर, एकामागून एक बोगदे, त्यातला सासागोचा बोगदा तर संपता संपत नाही. कात्सुनुमा-बुदोक्यो स्टेशनाच्या तोंडाशी शेवटचा बोगदा सुटतो आणि कोफूचे खोरे एकदम पायाशी पसरते. खाली सगळीकडे द्राक्षवेली, समोर जपानच्या दक्षिण आल्प्सची रांग. डोंगरातून वाहून आलेल्या गाळ-खड्यांचा हा उतार आहे, पाणी साचत नाही. भातासाठी अशी जमीन नकोशी, द्राक्षाला मात्र मानवते.

नाशिक-सांगलीकडच्या माणसाला इथे परके वाटणार नाही. वेली मांडवावर चढवलेल्या असतात, डोक्याच्या उंचीवर तारांचे जाळे आणि त्यातून लोंबणारे घड. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी मांडव जाऊन इंग्रजी ‘वाय’च्या आकाराचा आधार आला, इथे मांडव टिकून आहे. कारण पाऊस. जून-जुलैत इथे पावसाळा असतो, पुढे ऐन पिकायच्या दिवसांत वादळे येतात, आणि ओलाव्याबरोबर डाऊनी हा बुरशीचा रोग आलाच. घड उंचावर राहिले की खालून वारा खेळतो. त्यावरही भागत नाही म्हणून घडाघडाला टोपी घालतात. एका आजींना मी हे काम करताना जवळून पाहिले. मेण लावलेला चौकोनी कागद, एका बाजूने मध्यापर्यंत चिरलेला. तो देठाभोवती सरकवायचा, कडा एकीवर एक घ्यायच्या आणि स्टेपलर दाबायचा. हात वर, मान वर, दिवसभर. आपल्याकडे उन्हाने मणी गुलाबी पडू नयेत म्हणून घडांना पेपर लावतात, इथे पावसाचे पाणी निथळून जावे म्हणून. धोका वेगळा, कष्ट तेच.

इथल्या वाइनचे द्राक्ष कोशू. साल जाड, रंग फिकट जांभळट-गुलाबी, वाइन मात्र पांढरी. जनुकीय अभ्यासातून दिसले ते असे की याचा सुमारे 70 टक्के वारसा युरोपीय द्राक्षाचा आहे आणि उरलेला चीनमधल्या रानद्राक्षाचा. म्हणजे पश्चिमेकडून निघालेली ही वेल वाटेत सोयरीक करत, आशिया ओलांडून इथे रुजली. गावातल्या दाइझेन्जी देवळाची आख्यायिका तिचे आगमन 718 सालात नेते. ग्योकी नावाच्या भिक्षूला नदीकाठी ध्यानात बुद्धाचे दर्शन झाले, त्या बुद्धाच्या हाती द्राक्षाचा घड होता. हे बुद्ध म्हणजे याकुशी न्योराई, आपल्या संस्कृत ग्रंथांतले भैषज्यगुरू, आणि द्राक्ष म्हणजे औषध. देवळाची मुख्य वास्तू 1286 ची, राष्ट्रीय ठेवा म्हणून जपलेली. देऊळ स्वतःची वाइन करते, आलेल्याला देतेही. दर्शन घेऊन बाहेर बसावे, पेला हातात घ्यावा, समोर बाग पाहावी. यात कुणाला काही वावगे वाटत नाही.

वाइन मात्र इथे खूप उशिरा आली. मेइजी काळात, 1877 मध्ये, इथे कंपनी उभी राहिली आणि तिने ताकानो मासानारी व त्सुचिया रयूकेन या दोन तरुणांना वाइन शिकायला फ्रान्समधल्या त्र्वा शहरी धाडले. ते 1879 मध्ये परतले, शिकलेले इथे करून दाखवले, पण 1886 पर्यंत कंपनी गुंडाळावी लागली. भात आणि साकेवर पोसलेल्या जिभेला ती आंबट, तुरट वाइन रुचेना. तोक्यो-ओसाकाच्या बाजाराने उचलून धरली ती साखर घातलेली गोड वाइन. 1907 मध्ये आलेल्या ‘आकादामा पोर्ट वाइन’वर तर पुढे सन्तोरी ही बलाढ्य कंपनी उभी राहिली. कोरडी, बिनसाखरेची वाइन उरली ती गावात, पिकवणाऱ्यांच्याच घरी, चहाच्या पेल्यात. ती जगली याचे श्रेय मी या घरांना देतो.

दुसऱ्या महायुद्धात सरकारने वाइन वाढवायला सांगितले, तेही पिण्यासाठी नव्हे. वाइनमधल्या टार्टारिक आम्लापासून रोशेल मीठ होते, आणि त्या मिठाचे स्फटिक पाणबुड्यांचा आवाज टिपणाऱ्या यंत्रांत लागत. आम्ल काढून घेतलेली, बेचव झालेली वाइन मागे राही. देवाच्या हातातले औषधी फळ युद्धसामग्री झाले, ही गोष्ट इथले जुने लोक आवाज न चढवता सांगतात.

कोशूचे नाव झाले ते 1980 च्या दशकानंतर. मर्सियन कंपनीने वाइन तळाशी बसलेल्या यीस्टवरच काही महिने मुरवण्याची फ्रेंच पद्धत कोशूला लावली. एरवी पातळ वाटणाऱ्या वाइनला त्यामुळे अंग आले. कंपनीने ही युक्ती दडवून ठेवली नाही, आजूबाजूच्या छोट्या कारखान्यांना शिकवली. या गावाच्या इतिहासात मला याहून मोठी घटना दिसत नाही. एका बाटलीचे नाव झाले असते, त्याऐवजी साऱ्या खोऱ्याचे झाले. 2010 मध्ये कोशूची आंतरराष्ट्रीय वाइन संघटनेकडे नोंद झाली, 2013 मध्ये ‘यामानाशी’ला भौगोलिक मानांकन मिळाले. ऑक्टोबर 2018 पासून तर ‘निहोन वाइन’ असे छापायचे तर द्राक्षे पूर्णपणे जपानीच हवीत. त्याआधी आयात केलेल्या रसापासून इथे केलेली वाइनसुद्धा देशी म्हणून खपत होती.

ही वाइन नुसती पिण्याची नाही, जेवताना घेण्याची आहे. चवीला हलकी, लिंबूवर्गीय, शेवटी किंचित कडसर. कच्च्या माशाबरोबर पुष्कळ वाइन तोंडात उग्र वास आणतात. 2009 मध्ये मर्सियनच्याच संशोधकांनी दाखवले की हा दोष वाइनमधल्या लोहाचा असतो, लोह जितके जास्त तितका वास जास्त. कोशू साशिमीबरोबर निभावून नेते. यामानाशीला समुद्र नाही, तरी लोक माशाचे शौकीन. पण गावाचे खरे जेवण म्हणजे ‘होतो’ नावाचा पदार्थ: रुंद, जाड पट्ट्यांचे नूडल, लाल भोपळा, कंदमुळे आणि मिसो, लोखंडी कढईत रटरटत आलेले. भोपळा विरघळून रस्सा दाटतो. थंडीत याच्यासारखे दुसरे काही नाही. शाकाहारी पाहुणे बरोबर असतील तर आधी विचारा, कारण रस्सा बहुधा वाळवलेल्या छोट्या मासळीच्या पाण्यात केलेला असतो आणि जपानी यजमानाच्या लेखी ती मासळी जमेस धरण्यासारखी गोष्ट नसते. शेजाऱ्याचा पेला रिकामा दिसला की आपण भरायचा, आपला तो भरतो. स्वतःच स्वतःला ओतून घेणे इथे जरा कोरडे वाटते.

गाडी घेऊन मात्र येऊ नये. रक्तातल्या मद्याची मर्यादा इथे साधारण आपल्याइतकीच, पण पिऊन चालवणाऱ्याबरोबर त्याला पाजणारा आणि शेजारी बसणाराही शिक्षेला पात्र ठरतो. कारखानदार तुमच्या हाती पेला देण्याआधी कसे आलात ते विचारतात. त्यामुळे सगळे रेल्वेने येतात आणि बागांमधून पायी हिंडतात. ‘बुदो नो ओका’ या टेकडीवर धातूची चपटी वाटी विकत घ्यायची आणि तळघरात उतरायचे. गावोगावच्या बाटल्या पिंपांवर मांडलेल्या असतात, हवी ती चाखावी.

इथे आले की नाशिक आठवल्यावाचून राहत नाही. आपल्याकडे द्राक्ष आहे, शिकलेले बागायतदार आहेत, 2001 पासून वाइनचे धोरणही आहे. पण जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय झाला तेव्हा वाद पेटला तो महसूल, दुकाने आणि नीतिमत्ता यांवर. बागायतदाराच्या घरी वाइनला काय जागा आहे, हे कुणी विचारले नाही. तिथे ती क्वचितच असते. जे पिकवणाऱ्याच्या ताटाशेजारी नाही ते पाहुण्यांपुरते आणि पर्यटनापुरते राहते, असे मला कात्सुनुमा पाहून ठामपणे वाटते. ज्याला प्यायची नाही त्याने पिऊ नये. पण ज्याला बनवायची आहे त्याला तिची चव घरात कळायला हवी.

कात्सुनुमालाही घोर आहे. शाइन मस्कट या खाण्याच्या द्राक्षाला कोशूच्या कितीतरी पट भाव मिळतो. बागायतदार वयस्क होत चालले आहेत, आणि दोन्हींसाठी मांडवाखाली सारखेच हात वर धरून राबायचे तर माणूस चार पैसे जास्त देणारी वेल लावणारच. त्याला दोष देता येत नाही. कोशूच्या द्राक्षाला कारखान्यांनी अधिक भाव दिला आणि पिणाऱ्यांनी बाटलीमागे थोडे जास्त मोजले, तरच ती वेल राहील. तोक्योतल्या मराठी मित्रांना मी सांगतो ते एवढेच: कोशू घ्यायची तर शनिवारी सकाळची गाडी धरा, बागेच्या दारातून घ्या, आणि पिकवणाऱ्याशी दोन शब्द बोलून या. सध्या तोडणी चालू आहे, नोव्हेंबरच्या सुरुवातीला नवी वाइन येईल.