राम जोशी ह्यांची लावणी : भाषिक दृष्टीने

सोलापूरचे शाहीर राम जोशी हे उत्तर पेशवाईतील लावणीचे एक प्रवर्तक होत. घराणे शास्त्री-पंडितांचे, ज्येष्ठ बंधू मुद्गल जोशी पुराणिक. तमाशाच्या फडाची संगत धरल्यामुळे राम जोशी ह्यांना घर सोडावे लागले. पुढे पंढरपुरास त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले, कीर्तनेही केली. तथापि लावणी सुटली नाही. १८१२ च्या सुमारास त्यांचे निधन झाले.

ह्या चरित्रावरून त्यांस ‘फडात उतरलेला पंडित’ ठरविण्याचा मोह होतो. त्यांची भाषा मात्र निराळी साक्ष देते. संस्कृतप्रचुर समास व अनुप्रास त्यांनी डफाच्या ठेक्यावर बसविले. ठेका आणि यमक परिचित असल्यास अपरिचित शब्दही श्रोत्याच्या कानात ठरतो. संस्कृत, हिंदी व कन्नड ह्यांचा मराठीशी लावणीत घातलेला मेळ हाही केवळ पांडित्याचा चमत्कार नव्हे; सीमेवरील सोलापुरात अनेक भाषा नित्य कानी पडतात.

१९४७ च्या ‘लोकशाहीर राम जोशी’ ह्या चित्रपटाने त्यांचे नाव पुन्हा सर्वतोमुखी केले. परंतु कीर्तन शिष्ट आणि लावणी अशिष्ट, अशी विभागणी अभ्यासकाने केल्यास दोहोंचेही मर्म त्याच्या हातून निसटेल.