वाऱ्याच्या वाटेने पृथ्वीप्रदक्षिणा

बाळांनो, मार्च-एप्रिलच्या दुपारी वर्सोव्याच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समुद्राकडून येणारा वारा अंगाला लागतो. तोच वारा अंधेरी, घाटकोपर ओलांडून मुलुंडला पोहोचेपर्यंत उशीर होतो, त्याचा जोरही ओसरतो. म्हणून मुलुंडची दुपार जास्त तापते. हे खारे वारे. जमीन लवकर तापते, पाणी सावकाश तापतं. तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा धावत येते. रात्री सगळं उलटं होतं. जमीन आधी निवते आणि वारा समुद्राकडे वाहू लागतो. ते मतलई वारे. शिडाच्या होड्यांच्या काळात आपले कोळी बांधव मतलईवर समुद्रात जायचे आणि खाऱ्या वाऱ्यावर घरी परतायचे.

आता याच वाऱ्यांचे थोरले भाऊ बघू. त्यांच्या जोरावर एकट्या माणसाने, कुठेही न थांबता, सगळ्या पृथ्वीला फेरी घातली आणि तीही आपल्या मुंबईहून निघून.

1 नोव्हेंबर 2012 रोजी गेटवे ऑफ इंडियासमोरून ‘म्हादेई’ निघाली. नौकेवर एकच माणूस, भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी. 56 फुटांची ही शिडाची नौका गोव्यात, दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली. प्रदक्षिणेचे नियम कडक असतात. जिथून निघालात तिथेच परत यायचं, सगळी रेखावृत्तं ओलांडायची, विषुववृत्तही ओलांडायचं, सुएझ-पनामाच्या कालव्यांतून जायचं नाही, आणि किमान 21,600 सागरी मैल कापायचे. 21,600 हाच आकडा का? वर्तुळाचे अंश 360 आणि प्रत्येक अंशाची मिनिटं 60. गुणाकार करा बघू! पृथ्वीच्या मोठ्या वर्तुळावरचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, 1.852 किलोमीटर.

आता नकाशा उघडा. मुंबईहून निघालेली नौका सरळ पूर्वेला किंवा पश्चिमेला का जात नाही? इतकी खाली, दक्षिणेला का उतरते? कारण वाऱ्याचा हमरस्ता तिथे आहे.

विषुववृत्तावर ऊन सर्वांत प्रखर. तिथली हवा तापून वर चढते, त्यामुळे समुद्रालगत वारा बऱ्याचदा पडलेला असतो. या शांत पट्ट्यात शिडं लोंबकळतात आणि नौका दिवसच्या दिवस रखडते. वर गेलेली हवा दोन्ही बाजूंना सरकत साधारण 30 अंशांवर खाली उतरते. तिच्यातली काही विषुववृत्ताकडे परतते आणि काही ध्रुवाकडे निघते.

ध्रुवाकडे निघालेल्या हवेची गंमत ऐका. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विषुववृत्तावरची जमीन ताशी सुमारे 1,670 किलोमीटर वेगाने धावते. तुम्ही बोरिवलीत गाढ झोपलेले असता तेव्हाही ताशी 1,580 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे चाललेले असता! ध्रुवाकडे जावं तसं वर्तुळ लहान होतं आणि हा वेग घटतो. 60 अंशांवर तो निम्मा उरतो. पण तिकडे निघालेली हवा आपला मूळचा वेग सोबत घेऊन जाते. खालचा पृष्ठभाग मंद, वरची हवा वेगवान, म्हणून ती पूर्वेकडे पुढे पळते. तेच पश्चिमी वारे.

उत्तर गोलार्धात या वाऱ्यांना आशिया, युरोप, अमेरिका अडवतात. दक्षिणेला मात्र जवळजवळ सगळं पाणीच. 56 अंशांच्या खाली उतरलात, तर पृथ्वीभोवती पूर्ण फेरी मारूनही कुठला खंड आडवा येत नाही. भूगोलाच्या पुस्तकात वाचलेले ‘गरजणारे चाळीस’ आणि ‘खवळलेले पन्नास’ म्हणजे दक्षिणेच्या चाळीस आणि पन्नास अंशांपुढचे हेच वारे. लाटेची उंची तीन गोष्टींवर ठरते. वारा किती जोराचा, किती वेळ वाहिला, आणि त्याला मोकळं पाणी किती लांब मिळालं. दक्षिण महासागरात तिन्ही गोष्टी भरपूर, म्हणून तिथल्या लाटा इमारतींएवढ्या होतात.

त्याच वाऱ्यात अल्बट्रॉस पक्षी तासन्‌तास पंख न हलवता उडतो. मोठ्या जातीच्या अल्बट्रॉसचे पंख तीन मीटरांहून जास्त पसरतात. पाण्यालगत वारा मंद असतो आणि वर जोरकस. या फरकातून तो पक्षी वेग मिळवतो. खाली सूर मारायचा, वळायचं, वाऱ्यावर पुन्हा वर चढायचं. इंजिनाविना चालणाऱ्या नौकेचा खरा गुरू हा पक्षीच.

अभिलाष याच वाटेने पूर्वेकडे निघाले. ऑस्ट्रेलियाचं ल्युविन भूशिर, मग दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न, मग आफ्रिकेचं केप ऑफ गुड होप, आणि 31 मार्च 2013 ला मुंबई. नोव्हेंबरात निघण्यातही शहाणपण होतं. डिसेंबर-जानेवारीत दक्षिण गोलार्धात उन्हाळा असतो, दिवस मोठे असतात. आणखी एक नवल सांगतो. पूर्वेकडे जाणाऱ्याला सूर्य रोज थोडा आधी भेटतो. 24 तास दीडशे दिवसांत वाटले, तर त्यांचा दिवस सरासरी दहा मिनिटांनी लहान होता. घरी बसलेल्या मुंबईकरांपेक्षा त्यांनी एक सूर्योदय जास्त पाहिला!

ही वाट त्यांच्याआधी कॅप्टन दिलीप दोंदे यांनी दाखवली होती. याच म्हादेईतून, ऑगस्ट 2009 ते मे 2010 या काळात, चार बंदरांत थांबत, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. या दोघांमागे उभे होते व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी. भारतीयाने शिडाच्या नौकेतून एकट्याने जग फिरावं, हा ध्यास त्यांचाच.

आणि एकट्या माणसाला घेऊन, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचा पराक्रम जगात पहिल्यांदा कोणत्या नौकेने केला, ठाऊक आहे? ‘सुहेली’ने! 32 फुटांची ही सागवानी नौका आपल्या मुंबईत, इथल्या सुतारांच्या हातांनी घडली. सागाच्या अंगातच तेल असतं, त्यामुळे तो खाऱ्या पाण्यातही सहज कुजत नाही. अशाच प्रदक्षिणेच्या, 1968 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत नऊ जण उतरले. 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 रोजी, एकटे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ‘सुहेली’तून इंग्लंडला परतले. बाकी कोणीच शर्यत पुरी करू शकलं नाही.

2018 मध्ये हीच शर्यत पुन्हा झाली, जुन्याच पद्धतीने. जीपीएस नाही, कागदी नकाशे आणि सेक्स्टंट. भर दुपारी सूर्य क्षितिजापासून किती वर आहे हे सेक्स्टंटने मोजायचं आणि त्यावरून आपला अक्षांश काढायचा. अभिलाष त्यात उतरले ते ‘सुहेली’च्याच घाटाच्या, गोव्यात बांधलेल्या ‘तुरीया’तून. 21 सप्टेंबरला वादळात डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवलं.

वाटेल, आता समुद्र पुरे. पण शस्त्रक्रियेनंतर ते पुन्हा चालायला शिकले, पुन्हा शिडं बांधली, आणि 4 सप्टेंबर 2022 ला फ्रान्सहून तीच शर्यत धरली. 236 दिवसांनी, 29 एप्रिल 2023 ला, ते दुसरे आले. पहिल्या आल्या दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशाफर, ही शर्यत जिंकणारी पहिली स्त्री.

बाळांनो, यांतल्या कोणीही समुद्राला हरवलेलं नाही. वारा कुठून उठतो, कुठे वळतो, कुठे थकतो हे त्यांनी जन्मभर मन लावून शिकून घेतलं. धाडस म्हणजे हेच शिकणं. आपण तर समुद्राच्या कुशीत राहणारी माणसं, आपल्याला ते आलंच पाहिजे.