'नागीण' : संज्ञा आणि व्याधी

'नागीण' ही संज्ञा, संस्कृत 'विसर्प' व ग्रीक 'हर्पेस' यांप्रमाणेच, सरपटण्याच्या कल्पनेवर उभी आहे. शेवटच्या दोन तर सगोत्रच होत. वस्तुतः कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी आजन्म सुप्त राहतो व वार्धक्यात अगर शक्तिक्षयात पुन्हा जागा होतो, असे होप-सिम्पसन यांनी १९६५ मध्ये प्रतिपादिले. पुरळ एकाच मज्जातंतूच्या क्षेत्रात उठते व बहुधा शरीराच्या मध्यरेषेशी थांबते. तरीही नागिणीचे तोंड व शेपूट जुळल्यास रोगी दगावतो, हे भय या नावानेच पोसले. गेरूच्या लेपात पहिले ७२ तास दवडले जातात. विषाणुरोधक औषधाचा गुण येण्याचा काळ नेमका तोच. पुरळ सुकल्यावरही कित्येकांना महिनोन्महिने सदऱ्याचा स्पर्श सोसवत नाही. घरचे मात्र 'नागीण उतरली' म्हणून मोकळे होतात.