प्रदूषण : संज्ञा, प्रकार आणि परिणाम

१

शास्त्रीय विषयाचे विवेचन मराठीतून करावयाचे झाले म्हणजे पहिली अडचण परिभाषेची येते, असे आपण नेहमी म्हणतो. 'प्रदूषण' ह्या संज्ञेच्या बाबतीत अडचण निराळी आहे. शाळकरी मुलांच्या निबंधापासून न्यायालयाच्या निकालपत्रापर्यंत हा शब्द सर्वत्र पोहोचला आहे. तो इतका अंगवळणी पडला आहे की, त्याने काय सांगितले जाते आणि काय झाकले जाते, ह्याचा विचार सहसा होत नाही. प्रस्तुत लेखात ह्या संज्ञेचा अर्थ, प्रदूषणाचे प्रकार, त्यांची उगमस्थाने आणि आरोग्यावरील परिणाम ह्यांचा क्रमाने विचार करावयाचा आहे. उदाहरणे शक्य तेथे मिरा रोडच्या शांती नगरातून व एकंदर मिरा-भाईंदर परिसरातून घेतली आहेत. आपल्या उंबरठ्याशी पडताळून पाहता येते ते विवेचन वाचकाच्या अधिक उपयोगी पडते.

'प्रदूषण' हा शब्द संस्कृत 'दुष्' ह्या धातूपासून सिद्ध झाला आहे. 'दुष्' म्हणजे बिघडणे. त्याच्या प्रयोजक रूपाचा अर्थ बिघडविणे. 'दोष', 'दूषण', 'दूषित' हे शब्दही ह्याच कुळातले होत. आयुर्वेदाच्या परिभाषेत बिघडविणारा तो 'दोष' आणि बिघडणारे ते 'दूष्य'. चरकसंहितेच्या विमानस्थानात 'जनपदोद्ध्वंसनीय' नावाचा अध्याय आहे. माणसांच्या प्रकृती, आहार आणि वये भिन्न असताना एकाच वेळी सारा जनपद रोगाने का उद्ध्वस्त होतो, असा प्रश्न तेथे उपस्थित केला आहे. वायू, उदक, देश आणि काल ह्या सर्वांना समान असलेल्या गोष्टी बिघडल्या म्हणजे असे घडते, असे त्याचे उत्तर आहे. त्या ग्रंथातील कारणमीमांसा आजच्या शास्त्राची नव्हे, हे उघडच आहे; परंतु सामायिक वस्तू बिघडली तर रोगही सामायिक होतो, हे सूत्र आजही सोडून देता येत नाही.

मराठीत ह्या अर्थक्षेत्राच्या शेजारी 'विटाळ' आणि 'ओवळे' हे शब्द पूर्वीपासून आहेत. इंग्रजीतील 'पोल्यूशन' ह्या शब्दाचा जुना अर्थही धार्मिक अपवित्रतेचाच होता. दोन्ही कल्पनांत मूलभूत फरक आहे. विटाळ मानण्यावर अवलंबून असतो. प्रदूषण मोजता येते. विटाळ माणसाला चिकटविला जातो. प्रदूषण पदार्थाच्या गुणधर्मात असते. हा भेद न पाळल्याचे दुष्परिणाम दुहेरी आहेत. पवित्र मानलेल्या नदीचे पाणी जंतुरहितही असेल, असे आपण गृहीत धरतो. आणि आपली गटारे उपसणाऱ्या माणसालाच अस्वच्छ समजतो. वस्तुतः इतरांनी केलेली घाण तो स्वतःच्या फुप्फुसांवर आणि त्वचेवर झेलीत असतो.

कायद्याने हा अर्थ काटेकोर केला. १९७४ च्या जलप्रदूषणविषयक कायद्यात पाण्याच्या भौतिक, रासायनिक अथवा जैविक गुणधर्मांत होणारा अपायकारक बदल, ही कल्पना केंद्रस्थानी आहे. १९८१ च्या वायुप्रदूषणविषयक कायद्यात घन, द्रव व वायुरूप पदार्थांचा उल्लेख होता. १९८७ च्या दुरुस्तीने त्या व्याख्येत गोंगाटाचाही समावेश करण्यात आला. ध्वनी हा पदार्थ नव्हे, हे भौतिकशास्त्राचा विद्यार्थी तत्काळ सांगेल. परंतु अपाय होतो हे मान्य झाल्यावर व्याख्येलाच जागा करून द्यावी लागली.

२

व्याकरणात एका क्रियेभोवती अनेक कारके असतात. प्रदूषणाचा विचार करताना ही दृष्टी उपयोगी पडते. वायुप्रदूषण, जलप्रदूषण, मृदाप्रदूषण हे रूढ वर्गीकरण अधिकरणाचे आहे. म्हणजे मल कोठे साठला, एवढेच ते सांगते. ध्वनी, उष्णता, प्रकाश आणि किरणोत्सर्ग ह्यांचे प्रदूषण निराळ्या जातीचे आहे, कारण तेथे पदार्थाऐवजी ऊर्जेचा अतिरेक असतो.

अधिकरणावर आधारलेले वर्गीकरण शिकविण्यास सोयीचे असले तरी अपुरे आहे. शांती नगरातील एखाद्या कोपऱ्यावर कोणी सुका पाला आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या पेटवून देतो. धूर हवेत जातो, राख मातीत मिसळते आणि पहिल्या पावसाबरोबर तीच राख नाल्यातून खाडीकडे वाहून जाते. कृती एक, परंतु अधिकरणे तीन. आपली वाक्यरचनाही येथे आपल्याला फसविते. 'हवा दूषित झाली', 'कचरा साचला', 'नाला तुंबला' ही सर्व वाक्ये अकर्मक क्रियापदांची आहेत. त्यांत घटना आहे, पण कर्ता नाही. पाऊस पडला, तसाच कचरा साचला, अशी मनाची समजूत ह्या रचनेने होऊ लागते. म्हणून उगमस्थानांचा विचार म्हणजे ह्या वाक्यांना त्यांचा कर्ता परत मिळवून देणे होय.

३

उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र, पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि दक्षिणेस दहिसर, अशा चतुःसीमेत मिरा-भाईंदर वसले आहे. मिठागरे, खारफुटी आणि शेती ह्यांचा हा मुलूख रेल्वेच्या आधारे झपाट्याने नागर झाला. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५,२०,३८८ होती; २०११ मध्ये ती ८,०९,३७८ झाली. येथील प्रदूषणाची उगमस्थाने ह्या वाढीतच शोधावयास हवीत.

हवेच्या बाबतीत प्रमुख उगम तीन : काशिमिऱ्याजवळून जाणाऱ्या महामार्गावरील व वस्तीतील वाहने, बांधकामाची धूळ आणि उघड्यावरील ज्वलन. इंधनाच्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. उन्हात ह्यांपैकी काहींवर रासायनिक क्रिया होऊन जमिनीलगत ओझोन तयार होतो. हिवाळ्यात वरची हवा उबदार आणि खालची थंड राहिली म्हणजे हे सारे वर न जाता वस्तीवरच कोंडून राहते. त्यालाच आपण 'धुरके' म्हणतो. धूर आणि धुके ह्यांच्या संयोगातून झालेला हा शब्द मराठीतील यशस्वी पारिभाषिक शब्दांपैकी एक आहे. १९५२ च्या डिसेंबरात लंडनमध्ये अशाच धुरक्याने काही दिवसांत हजारो माणसे दगावली होती.

पाण्याच्या बाबतीत मुख्य उगम घरगुती सांडपाण्याचा आहे. जिथे ते प्रक्रियेविना खाडीला मिळते, तिथे त्यातील सेंद्रिय द्रव्य कुजताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्ची पडतो आणि मासळी जगत नाही. खाडीवर पोट असणाऱ्यांचे नुकसान येथूनच सुरू होते.

घनकचऱ्याची कथा भाषेच्या अभ्यासकाला विशेष उद्बोधक वाटेल. 'बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात' ही म्हण ज्या जगात जन्मली, तेथे उकिरडा म्हणजे शेण, पाचोळा व राख. तो कुजून खत होत असे आणि शेतात परत जात असे. पांग फिटण्याची ही आशा कुजणाऱ्या कचऱ्यापुरतीच खरी आहे. प्लॅस्टिकच्या उकिरड्याचे पांग बारा वर्षांनी काय, बारा पिढ्यांनीही फिटण्याची शाश्वती नाही. नव्या वस्तूला 'डम्पिंग' हा परका शब्द चिकटला, ह्यात त्या दृष्टीने औचित्यच आहे. शहराचा कचरा उत्तन येथील धावगीच्या डोंगराकडे जातो. ओला व सुका कचरा मिसळून ढीग झाला म्हणजे आतील भागात हवेविना कुजण्याची क्रिया होऊन मिथेन हा ज्वलनशील वायू निर्माण होतो आणि तळातून काळे, विषारी पाणी झिरपते. तेथे आगी लागल्याच्या आणि धुराविरुद्ध रहिवाशांनी आवाज उठविल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. शांती नगरात आपण 'कचरा बाहेर टाकला' असे म्हणतो. हे 'बाहेर' म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी गाव असते.

४

आता कर्माचा, म्हणजे ज्याच्यावर ही क्रिया घडते त्या शरीराचा विचार. २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाचे कण माणसाच्या केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याइतके असतात. नाकातील केस व श्लेष्मा त्यांना अडवू शकत नाहीत. ते वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि त्यांतील अतिसूक्ष्म अंश रक्तातही उतरतो. त्यामुळे दमा व श्वासनलिकांचे जुनाट विकार तर होतातच, शिवाय हृदयविकार आणि पक्षाघात ह्यांचाही धोका वाढतो. बाह्य हवेच्या प्रदूषणाची गणना २०१३ साली मानवात निश्चितपणे कर्करोग उत्पन्न करणाऱ्या कारणांत झाली. ह्या कणांची वार्षिक सरासरी भारतात २००९ च्या मानकांनुसार दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमपर्यंत ग्राह्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचविलेली मर्यादा ५ आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने 'शुद्ध' असलेली हवा आरोग्याच्या दृष्टीने आठपट सदोष असू शकते. घरातील व बाहेरील दूषित हवेमुळे जगात दरवर्षी सुमारे ६७ लाख अकाली मृत्यू होतात, असा त्याच संघटनेचा अंदाज आहे.

दूषित पाण्यातून पटकी, विषमज्वर, आमांश आणि काविळीचे काही प्रकार पसरतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्यानंतर तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागलेल्यांत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदरांच्या मूत्रातील जंतू पायांवरच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतात. तुंबलेला नाला हा केवळ गैरसोयीचा विषय नाही, हे त्या वर्षी दिसून आले.

गोंगाटाचे परिणाम दिसत नाहीत, म्हणून ते हसण्यावारी नेले जातात. २००० च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. डेसिबेलचे माप लघुगणकीय आहे. १० डेसिबेलची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट होणे. दीर्घकाळच्या गोंगाटाने श्रवणशक्ती घटते, झोप मोडते व रक्तदाब वाढतो. वस्तीचे नाव 'शांती' असल्याने ह्या नियमांची अंमलबजावणी आपोआप होत नाही.

५

शिशाचे उदाहरण ह्या ठिकाणी बोधप्रद आहे. पेट्रोलमधील शिशामुळे मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय होतो, हे सिद्ध झाल्यावर 'हवा दूषित झाली' ह्या वाक्याला निश्चित कर्ता मिळाला. २००० साली भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री थांबली. कर्ता ठाऊक झाला म्हणून दोष दूर करता आला. अन्य प्रदूषणांत कर्ते अनेक आहेत, ते विखुरलेले आहेत आणि त्यांत आपणही आहोत. म्हणून तेथे वाक्य अकर्मक ठेवण्याचा मोह अधिक होतो.

'दूषण देणे' आणि 'दूषित करणे' हे दोन्ही प्रयोग एकाच धातूतून निघालेले आहेत. दूषण द्यावयाचे झाल्यास दूषित कोणी केले, हे आधी सांगता आले पाहिजे. विद्यापीठातील अभ्यासकाने निदान आपल्या लेखनात ही शिस्त पाळावी. वाक्यात मोजमाप यावे, उगम यावा आणि अपाय सोसणाऱ्याचाही निर्देश यावा. एवढे झाले तर ही संज्ञा निबंधातील अलंकार न राहता खरोखर शास्त्रीय संज्ञा ठरेल, आणि उत्तनच्या डोंगरावरचा धूर शांती नगरातील कोणत्या खिडकीखालून निघाला, हे आपल्याला वाचता येईल.