कासवाचं पोट बिघडलंय का?

खडकीत काय किंवा बाकीच्या पुण्यात काय, घरच्या टाकीतलं कासव बहुधा रेड-इअर्ड स्लायडर असतं. आजार लपवण्यात ते पटाईत, म्हणून त्याची विष्ठा रोज पाहावी. ती पातळ, बुळबुळीत, रक्ताळलेली असेल किंवा तीत न पचलेलं अन्न वा जंत दिसले, तर कारण बहुतेकदा आतड्यातले परजीवी किंवा जिवाणू असतात. खाणं सुटणं, वजन घटणं, डोळे खोल जाणं ही पुढची लक्षणं. कुंथूनही विष्ठा होत नसेल, तर टाकीतले खडे गिळल्याची शंका घ्या. तिरकं तरंगणं पोटातल्या वायूमुळे असू शकतं, न्यूमोनियामुळेही. मागून लालसर मांस बाहेर आलं असेल, तर ते ओलं ठेवून तडक पशुवैद्याकडे न्या.

डिसेंबर-जानेवारीत मुळा नदीकाठी रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. गार पाण्यात कासवाचं पचन मंदावतं. पाणी २४ ते २७ अंश असावं, ऊन खायची कोरडी जागा ३० च्या वर.

कुत्र्याचं जंताचं औषध कासवाला कधीच देऊ नका. त्यात आयव्हरमेक्टिन असू शकतं, आणि ते कासवाच्या जिवावर बेततं. ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घालून तपासायला न्या.

धडधाकट कासवाच्या अंगावरही साल्मोनेला असतो. त्यामुळेच अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. टाकी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नका, मुलांचे हात साबणाने धुवा. आजारी स्लायडर मुळेत सोडणं तर नदीतल्या देशी कासवांवर अन्यायच.